हेड वेगळं, पेटी वेगळी

सोमवार, ४ तारीख. सकाळ.
नातीचा गिटारचा ॲम्प आला. तिच्या सरांनी शनिवारच्या कार्यक्रमापुरता दिलाय. नीट वाजवलं तर तिला बँडमध्ये घेणार आहेत. घरात एवढी मोठी विजेची वस्तू आणि जबाबदार माणूस मी एकटाच.
ॲम्पचे दोन तुकडे. वर हेड, त्यात बटणं आणि जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. खाली कपाटाएवढी पेटी, तिच्यात नुसते स्पीकर. मधे जाड वायर. सुनेला म्हटलं, सरांना दुकानदारानं फसवलं. ती म्हणाली, बाबा, हात तेवढा लावू नका. म्हणजे तिलाही यातलं कळत नाही.
संकल्प: शनिवारपर्यंत हा विषय कोळून प्यायचा. स्टेजवर ॲम्प सांभाळायला घरचं माणूस हवंच.

मंगळवार.
नातीची उजळणी घेतली. प्रश्न माझे, उत्तरं तिची. हेड आवाज वाढवतं, पेटी तो बाहेर काढते. दोन्ही एकाच डब्यात असली की कॉम्बो. शिवाय पेटीचे ओहम हेडशी जुळावे लागतात. म्हटलं, म्हणजे सोयरीकच की! ती म्हणाली, आजोबा, सोयरीक मोडली तर धूर नाही येत.
ओहम म्हणजे काय ते उद्या. विजेचा धडा मी शाळा सोडल्यावर आला असावा.

बुधवार.
शेजारच्या वकीलबाई आवाजाबद्दल चार शब्द ऐकवून गेल्या. पेटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं, वर माझी रजई घातली. नातीनं विचारलं, पेटीला थंडी वाजून आली का? पोरीला गांभीर्य नाही. ओहम राहिले. गुडघा.

गुरुवार.
नवी माहिती. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय हेड चांगलं बोलत नाही. हे काम माझ्यावर सोडावं असं नातीला सुचवलं. ती हसली. होकार.

शुक्रवार. सकाळ.
सगळे बाहेर. हेड तापवायला घेतलं. वकीलबाई नकोत म्हणून मधली वायरच काढून ठेवली. गिटार जोडून तारा छेडल्या. चिडीचूप! बटण दहावर नेलं, तरी चिडीचूप. जे सरांना जमलं नाही ते मी करून दाखवलं. आनंदानं बराच वेळ वाजवत बसलो.

थोड्या वेळानं.
जळका वास. सुनेनं दूध उतू घालवलं वाटतं.
सून घरात नाही.

दुपार.
हेड गेलं. कंपनीचा दोष. नात ओरडली नाही, याचीच भीती वाटली. हळूच म्हणाली, आजोबा, पेटी जोडल्याशिवाय हेड वाजवायचं नसतं. सर फोनवर दुरुस्त होईल म्हणाले. हे मला आधी का सांगितलं नाही, असं मी ठणकावून विचारलं. सून म्हणाली, सोमवारीच सांगितलं होतं.
पण कारण कुठे सांगितलं होतं?

शनिवार. संध्याकाळ.
नातीनं तिचा सरावाचा छोटा कॉम्बो नेला. त्याच्यापुढे माईक ठेवला, सगळा हॉल भरला. पोरीनं काय वाजवलं! बँडमध्ये घेतलं. मोठ्या ॲम्पमागे ती दिसलीही नसती. ही अडचण वेळेवर कोणी दूर केली, ते मी बोलून दाखवलं नाही.
कार्यक्रमाआधी मदतीला स्टेजकडे निघालो होतो, तेव्हा नातीनं मला पहिल्या रांगेत बसवून एक जबाबदारी दिली. तिचं जाकीट धरायची. आत कुठे वायर नाही, हे तिनं दोन्ही बाह्या उलट्या करून मला दाखवलं.