अण्णांच्या खोलीच्या दोन खिडक्या

८ जानेवारी १९६२, सोमवार

आज वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना साल एकसष्ट लिहिलं. मुली हसल्या. पुसून पुन्हा एकसष्टच लिहिलं. मग कुणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही बसा ना."

बसले.

डोळे चुरचुरतात. आठवडाभर सलग झोप नाही. उत्तरेचा कोरडा वारा सुटलाय आणि अण्णांचा दमा त्याच्याबरोबर. त्यांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या रुळांकडे. घरापासून रूळ किती — चाळीस पावलं? झडपांच्या फळ्या वाळून आक्रसल्यात, मधून बोट जातं. वारा येतो तो थेट छातीवर. आणि मालगाडी आली की ते दचकून उठतात, खोकला लागतो, मग मी उठते. बत्तीस वर्षं या माणसाने रेल्वेत काढली, सहायक स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाला, आणि आता गाडीच झोपू देत नाही.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून वडिलांसाठी उठणारी मी एकटीच.

९ जानेवारी

चिंध्या कोंबल्या फटींत. सकाळी सगळ्या खाली पडलेल्या.

१२ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, पण वारा बंद करणं तुमच्या हातात. आणि झोप मोडता कामा नये." कुणाची, ते विचारलं नाही.

टांग्यातून उतरताना अण्णा म्हणाले, "एका खिडकीला गोणपाट मार. पुरे आहे तेवढं. उगाच घर उकरू नकोस."

गोणपाट मी नाही मारणार. माणूस राहतो त्या खोलीत.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. तीळगूळ बायजीने वळला, मी नुसता वाटीत घातला. बायजी इथल्याच, मसोलीच्या पाड्यावरची, आपल्याकडे स्वयंपाकाला येते, नवरा वारला तेव्हापासून. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुझा तोंड उतरलाय." मी म्हटलं, थंडीने.

दुपारी लाहू सुतार आला. सायवनचा माणूस, शेतीची कामं उरकली की इकडे सुतारकी करतो. झडपांवरून हात फिरवला, चौकट ठोकून पाहिली.

"फटी बुजवून उपेग नाय, बाई. चौकटच कलती झाली. नवी खिडकी घाला."

"कसली?"

"जाड सागाच्या फळ्या, एकावर एक चढवलेल्या. मधे फट नाय. वारा नाय, आवाज नाय."

"आणि उजेड?"

"उजेड पण नाय."

सरळ माणूस. काच घातली तर, असं विचारलं. म्हणाला, एकेरी काच गाडी आली की खडखडते, वाऱ्याला बरी, आवाजाला नाही. म्हणजे एक तर अंधार नाही तर खडखडाट. अण्णा दिवसभर त्या खोलीत असतात. त्यांना अंधारकोठडीत कसं घालू? आणि अर्धवट काम केलं तर पुन्हा हेच.

विचार करून सांगते म्हटलं. विचार करायला डोकं कुठे आहे जाग्यावर.

१७ जानेवारी

काहीच ठरत नाही. काच. फळी. काच. फळी. आज भाताला मीठ दोनदा घातलं. अण्णांनी निमूट खाल्लं.

२१ जानेवारी, रविवार

लाहू मला समुद्राकडे घेऊन गेला. तिथे एका पारशी बाईंचा जुना बंगला पाडतायत. बानूबाई नाव. चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून स्वतः बसल्या होत्या, पाडणाऱ्यांवर नजर ठेवून. भिंतीला दारं-खिडक्या ओळीने टेकवलेल्या.

मी अशा खिडक्या पाहिल्या नव्हत्या. एकाच चौकटीत दोन जोड. बाहेरून लाकडी झडपा, आतून काचेची तावदानं, आणि मधे वीतभर मोकळी जागा. काचांच्या कडेने लोकरीची पट्टी चिकटवलेली, दाबून बसेल अशी.

बानूबाई म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याने बनवल्या. सासूला दरियाचा आवाज सहन होत नव्हता. बिचारी आखी रात जागायची. बाहेरचं बंद कर, आतलं बंद कर, बस. दरिया थांबला ना, तर तुमची गाडी काय मोठी गोष्ट?"

"मग सासूबाई झोपल्या?"

"झोपल्या. पण मग सासरा जागायला लागला. त्याला आवाजाची सवय." आणि खूप वेळ हसल्या. मलाही हसू आलं. किती दिवसांनी.

उन्हात काच धरून पाहिली. एका तावदानाला कोपऱ्यात बुडबुडा आहे, बाकी साफ. लाहू साग वाजवून म्हणाला, असं लाकूड आता परमिट काढून पण मिळायचं नाय. अडचण एकच, खिडक्या आपल्यापेक्षा हातभर मोठ्या. भिंत फोडावी लागेल.

दोन घेतल्या. उभ्या उभ्या ठरवलं. पंधरा दिवस डोकं फोडत होते त्यापेक्षा सोपं गेलं.

घरी अण्णा रागावले. "दोन कशाला? भिंत फोडायची? माझी वर्षं किती राहिलीत!" जेवले नाहीत नीट.

२५ जानेवारी

तलासरीहून पत्र. गेल्या पावसाळ्यात अर्ज केला होता, विसरूनही गेले होते. मुलींची नवी शाळा, सोबत वसतिगृह, आदिवासी पाड्यांवरच्या मुलींसाठी. जूनपासून. मुख्याध्यापिका म्हणून मला घ्यायचं म्हणतात. राहायला तिथेच खोली. महिन्याभरात कळवा.

शाळेतून आले तेव्हा अण्णांनीच पाकीट हातात दिलं. "कुठून?"

"खात्याचं परिपत्रक," म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पेपर वाचायला घेतला.

२७ जानेवारी

नाही म्हणून कळवलं. तीन ओळी. वडिलांची प्रकृती, एकटे ठेवणे अशक्य, क्षमस्व. शाळेतूनच टपालात टाकलं.

वाईट वाटायला हवं होतं. वाटायचीही ताकद नाही. धाकट्या भावाला, एकनाथला, मुंबईला कळवायचं मनात आलं, पण तो काय लिहील ते ठाऊक आहे — ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

२८ जानेवारी, रविवार

अण्णांचं काही कळत नाही. परवापर्यंत गोणपाट म्हणत होते, आज सकाळी लाहूला समोर बसवून सूचना देतायत. लोकरीची पट्टी जुनी झाली, ती काढून घोंगडीच्या पट्ट्या लाव. बिजागऱ्यांना तेल. आणि कडी खाली हवी, पार खाली.

लाहू म्हणाला, "एवढी खाली? बाईंना वाकायला लागेल."

"बाईंनी कशाला लावायची? मला पलंगावर बसल्या बसल्या लागली पाहिजे."

लाहूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ते म्हणतात तसं कर.

३ फेब्रुवारी, शनिवार

भिंत फोडायला घेतली. धूळ अण्णांना चालायची नाही, म्हणून त्यांना दोन दिवस शेजारी पाठवणार होते. ऐकलं नाही. काठी घेतली, जुना रेल्वेचा कोट घातला आणि एकटे चालत स्टेशनवर गेले. फलाटाच्या बाकावर बसणार म्हणे दिवसभर. दुपारी मी डबा घेऊन धावत गेले तर ते आताच्या मास्तरांबरोबर चहा पीत, सिग्नलच्या गोष्टी सांगत बसलेले. खोकला नाही. मलाच धाप लागलेली.

"तू कशाला आलीस उन्हात?" म्हणाले. "बायजीला पाठवायचं."

५ फेब्रुवारी, सोमवार

खिडक्या बसल्या.

शाळेतून आले तर लाहू आणि अण्णा दोघे उदबत्ती घेऊन चौकटीच्या कडेकडेने फिरवतायत. धूर कुठे वाकतो बघायला. डाव्या खिडकीखाली एका जागी वाकला. लाहूने तिथे रंधा मारला, पट्टी पुन्हा बसवली. मग धूर सरळ वर. अण्णा म्हणाले, "पास."

साडेपाचची मालगाडी यायची होती. तिघे तिची वाट बघत बसलो. बाहेरच्या झडपा लावल्या, आतली काच लावली. कड्या अण्णांनी लावल्या, पलंगावरून. मी तांब्याकडे बघत होते. पाण्यावर बारीक लाटा उठल्या, म्हणून कळलं गाडी जातेय. आवाज असा दूर, जणू पलीकडच्या गावातून. जमीन मात्र हलली. ती कुठल्या खिडकीने थांबायची?

लाहूने हत्यारं पिशवीत भरली. म्हणाला, "आता तुमी पण झोपा, बाई." सगळ्यांना दिसतं म्हणजे.

१२ फेब्रुवारी

अण्णा सलग सहा तास झोपतात. मीच जागते, हाक यायची वाट बघत. हाक येत नाही. बानूबाईंच्या सासऱ्यासारखं झालंय माझं.

आज त्यांनी माझं अंथरूण आपल्या खोलीतून पुढच्या खोलीत टाकायला लावलं. "दोन माणसांच्या श्वासाने कोंदट होतं," म्हणे. भांडायला त्राण नव्हतं. टाकलं.

२० फेब्रुवारी

शाळेतून उशीर झाला. घरी आले तर अण्णा जेवून, औषध घेऊन, खिडक्या लावून झोपलेले. पानावर झाकण माझ्यासाठी. बायजी म्हणाली, "अण्णांनी तू नाय तरी सारा केला."

बरं वाटलं की नाही, सांगता येत नाही.

५ मार्च, सोमवार

मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, कुणी गृहस्थ भेटायला आलेत. तलासरीच्या शाळेच्या संस्थेचे चिटणीस. डहाणू गावात राहतात. मला वाटलं, नकाराबद्दल बोलायला आले असतील. मी माफी मागायला लागले तर ते म्हणाले —

"ते पत्र मी पुढे पाठवलंच नाही. तुमचे वडील येऊन गेले ना."

"कधी?"

"झाले पंधरा दिवस. टांग्याने आले, एकटेच. म्हणाले, मुलीने नकार लिहिला असेल तर तो माझ्यामुळे, आणि मी एकटा राहू शकतो. महिनाभर ते पत्र बाजूला ठेवा, मी तिला सांगतो. सांगितलं नाही का त्यांनी?"

मी म्हटलं, सांगितलं. खोटं बोलले. पुढचा भूगोलाचा तास कसा घेतला आठवत नाही.

घरी येऊन चपला न काढता त्यांच्यासमोर उभी राहिले.

"टपालवाल्याकडून पाकीट मी घेतलं," अण्णा म्हणाले. "तलासरीचा शिक्का वाचता येतो मला, आणि तिथे मुलींची शाळा निघतेय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. परिपत्रक तुझ्या हातात येऊन तू अशी पांढरी पडत नाहीस."

"मला विचारायचं होतंत."

"तू मला विचारलंस नकार देताना?"

मी बोलत सुटले. दम लागला तर? एकटे पडलात तर? लोक काय म्हणतील, म्हाताऱ्या बापाला टाकून गेली?

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तीन आठवडे झाले, एकटाच झोपतो. कडी मीच लावतो, औषध मीच घेतो. बायजीला मागची खोली देतोय, ती राहायला यायला तयार आहे. कशाला खालच्या कड्या मागितल्या मी? मला बघायचं होतं जमतं का. जमतंय."

"आणि मला जमलं नाही तर?"

हे माझ्या तोंडून गेलं. मला ठाऊक नव्हतं असं काही आत आहे म्हणून.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "नऊ वर्षं तू माझ्यासाठी उठतेस. पहिली दोन वर्षं मला गरज होती, अहिल्या. नंतर आपण दोघांनी सवय केली."

मी स्वयंपाकघरात गेले. बायजी लसूण सोलत होती. तिने सूप पुढे सरकवलं. दोघी सोलत बसलो.

६ मार्च

दोघांची पानं बायजीने वेगवेगळ्या वेळी वाढली.

७ मार्च

आज खरं लिहायचं तर — राग त्यांचा नाही. मला कुणी विचारलं असतं, तू का थकलीस, तर मी खिडकीकडे बोट दाखवलं असतं. वाऱ्याकडे, गाडीकडे, अण्णांकडे. खिडक्या बदलल्या. महिना झाला. तरी मी थकलेलीच.

संध्याकाळी चहा दिला. अण्णा म्हणाले, "साखर जास्त झाली." मी म्हटलं, "आता बायजीला सांगा." त्यांनी कपावरून माझ्याकडे पाहिलं.

९ मार्च

चिटणिसांना होकार कळवला. दोनच ओळी.

१० जून १९६२, रविवार. तलासरी

आज आठ वाजेपर्यंत झोपले. कुणी हाक मारली नाही. डोळे उघडले ते ऊन अंगावर आल्यावर. आधी घाबरले, धडपडून उठले. कुठे आहे ते आठवलं. मग तशीच अंथरुणावर बसून पोटभर रडले. मग आंघोळ केली. उद्यापासून मुली यायला लागतील.