चौथा पाळणा

प्रिय यमूच्या आईस,

उभ्या जन्मात तुला पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच कुठे आली? मला सोडून तू एवढी लांब कधी राहिलीच नाहीस. आज लिहितोय, कारण तुझ्यामागे मी एक गोष्ट कबूल करून बसलो होतो, आणि आज संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर, आकाशपाळण्यात बसून, ती मोडून आलो. हो, मी बसलो. हसू नकोस.

आधी काय कबूल केलं ते सांगतो. तुझ्या वर्षश्राद्धाला बाळा मुंबईहून बोटीने आला. तुझा धाकटा भाऊ आता चांगला पोक्त दिसतो, पण पानावर बसला की पहिलं मीठ मागायची सवय तीच. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भावोजी, भाट्याचं घर पाडून टाकू या. मी काही परत येऊन राहायचा नाही. लाकूड, कौलं कुणाच्या कामी तरी येतील."

मला पटलं. बंद घर म्हणजे वाळवीची सोय. म्हटलं, माणसं मी बघतो, कुठला वासा कुठल्या कामाचा तेही मीच निवडून देतो. तुझे वडील गेले, बाळा नोकरीला गेला, त्यानंतर तू माहेरी म्हणून खाडी ओलांडून भाट्याला गेली नाहीस. विचारलं तर म्हणायचीस, "बंद दाराला काय भेटायचं?" मला वाटलं, तुझ्यापुरतं ते घर संपलं. कुणालाही असंच वाटलं असतं की नाही?

आणि दरवर्षीसारखे मांडवीवर पाळणे आले. मिरजेकडचा तोच पाळणेवाला, तेच लाकडी घोडे, काळ्या घोड्याचा कान अजून तुटकाच. झुलती होडी तेवढी नवी रंगवलीय. आकाशपाळणाही तोच, चार पाळण्यांचा, हातांनी ढकलायचा. आसाला अजून गोडं तेल घालतो गृहस्थ. त्याचा चिकटा धरतो, एरंडेल घाल, म्हणून मी दर खेपेला सांगतो. ऐकेल तर शपथ.

आपला वाद इथूनच सुरू व्हायचा, आठवतं? तीन पाळणे भरायचे, चौथा मोकळा राहायचा, आणि तो ढकलणार एवढ्यात तू ओरडायचीस, "थांब रे बाबा. रिकामा पाळणा हलवू नये."

"अगो, तो घरातला पाळणा. हा नुसता लाकडी खोका," मी म्हणायचो.

"नाव पाळणाच ना? मग झालं."

आणि माडीवरून खाली बघायला भिणारी तू, पदर खोचून त्या चौथ्या पाळण्यात जाऊन बसायचीस. आपला पहिला पाळणा बारसं व्हायच्या आधीच रिकामा झाला होता.

बसायचीस तीही एकाच फळीवर, खाडीकडे तोंड करून. कुणी आधी बसलेलं असलं तर त्याला उठवायचीस. मी समजायचो, समुद्राचा वारा तोंडावर नको म्हणून.

उतरल्यावर मात्र दरवर्षी एकच वाक्य. "वरून आपलं घर दिसतं."

ते दिसणं शक्य नव्हतं. आपलं घर वरच्या आळीत, मध्ये माडांची दुहेरी रांग आणि देवळाचा कळस. एका वर्षी मी वाळूत काठीने रेघ काढून दाखवली. इथे पाळणा, इथे माड, इथे घर. नजर अडते ती इथे. यंत्रांचं, मापांचं सगळं मी माझं मी शिकलो, पण माझी रेघ खोटी ठरवायला अजून शिकलेला माणूस यायचाय. तू रेघेकडे नीट बघितलंस आणि म्हणालीस, "इकडची रेघ बरोबरच असायची. पण दिसतं ते दिसतं." मला इतकं उलट दुसरं कोण बोलत होतं?

आज यमू धाकट्याला घेऊन एका पाळण्यात बसली, बाळा थोरल्याला घेऊन दुसऱ्यात, तिसऱ्यात कुणी राजिवड्याची मंडळी. पाळणेवाला मला म्हणाला, "चला की मालक, एक मोकळा ऱ्हायलाय. बाईसाहेब न्हाई आल्या यंदा?"

यमूने दांडी घट्ट धरली होती आणि ती त्या मोकळ्या पाळण्याकडे बघत होती.

"बाबा, तो रिकामा आहे." एवढंच म्हणाली.

बसलो. तुझ्याच फळीवर. त्या आसाची, त्या खिळ्यांची मला पुरती माहिती आहे, आणि माहिती असलेला माणूस जास्त भितो, हे तुला कधी कळू दिलं नव्हतं.

मी वर असतानाच खाली कुणाची टोपी पडली आणि चक्र थांबलं. आधी मान मागे वळवून मी आपलं घर शोधलं. माड, कळस, चुलींचा धूर. घर नाही. रेघ बरोबर होती. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग मान सरळ केली.

खाडीपलीकडे, केतकीच्या बनावरून, भाट्याचं घर. खालून नुसती वाळू दिसते. वरून पडवीचा उतार, मागचा फणस, विहिरीवरचा रहाट, सगळं.

"आपलं घर." कुठलं, ते मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. का गो? लग्न झालेली बाई आपलं घर म्हणते ते नवऱ्याचंच, असं मी धरून चाललो. एक "भाट्याचं" एवढा शब्द पुढे टाकला असतास, तर मी रेघ दुसऱ्या अंगाला काढली असती. तीही बरोबर आली असती.

खाली उतरलो. बाळा पहिल्यांदाच बसला होता. म्हणाला, "भावोजी, वरून आपलं घर दिसलं हो." अगदी तुझ्या सुरात.

"ते पाडायचं नाही," मी म्हटलं. "पडवीवरची कौलं सरकलीत, तेवढी नीट केली की झालं."

"तुम्ही काय पाळण्यात बसून कौलं तपासलीत?"

"दिसली. डोळे उघडे होते."

"अहो, पण तिथे राहणार कोण?"

"राहायचं कुणी म्हटलंय? वरून दिसायला हवं."

तो हसला, मग तोंड फिरवून बराच वेळ नाक पुसत राहिला. उद्याच्या बोटीने जाईल. किल्ली माझ्याकडे देऊन चाललाय.

पावसाच्या आत यमूला घेऊन तरीच्या होडीने पलीकडे जातो. कौलं माझ्या हातांनी बसवतो, दुसऱ्या कुणाचं काम मला पसंत पडायचं नाही, हे तू जाणतेस. पुढच्या वर्षी पाळणे येतील तेव्हा चौथा रिकामा हलणार नाही. मी बसेन, खाडीकडे तोंड करून, जीव मुठीत धरून. उतरल्यावर यमूच्या पोरांना सांगेन, वरून आपलं घर दिसतं. रेघ काढणार नाही.

तुझा,
ज्याला तू जन्मभर नुसतं "इकडे" म्हणालीस, तो