सगळीच अडीच किलोची

पांढरकवडा,
गुरुवार, १४ डिसेंबर २००६

प्रिय नलू,

मंगळवारच्या बैठकीत तू दोनदा माझ्याकडे पाहिलंस आणि दोन्ही वेळा मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तहान लागली नव्हती. तुला दिलेला मेमो वाचून झाल्यावर आपले साहेब सदाशिवराव म्हणाले, "मैत्रेयीताई होत्या तं चार वर्षांत या उपकेंद्रात एकही लेकरू कमी वजनाचं नव्हतं. तुमी आल्या अन् सहा महिन्यांत एकोणीस? काहून?" सगळ्या सिस्टर माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. आणि नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये दोन वर्षं तुझ्या डब्यावर जगलेली मी गप्प बसले. सांगायला शब्द नाहीत असं लिहिणार होते, पण शब्द आहेत, आणि ते मलाच लिहायला हवेत.

माझ्या काळात लेकरं वजनदार नव्हती गं. पहिल्याच वर्षी बाळं तोलायच्या झोळीच्या काट्याची स्प्रिंग तुटली. नवा मागितला, आणि तो येईपर्यंत अंदाजानं लिहायला लागले. अडीच किलो लिहिलं की कोणी काही विचारत नाही. त्याखाली लिहिलं की त्या घरी सारख्या चकरा, बाळाला यवतमाळला पाठवायची धावपळ, वर बैठकीत बोलणी. आठ महिन्यांनी नवा काटा आला, तो मी खोक्यातच ठेवला. आता खरी वजनं लिहिली तर लेकरं एकाएकी कशी वाळली, असं मलाच विचारतील ही भीती. तुला तो कपाटावर सापडला तेव्हा तू म्हणालीस, किती जपून वापरलास! मी हसले होते. कापसानं घरोघरी दैना केलेली, बाया अर्धपोटी नवव्या महिन्यापर्यंत वेचणीला जात होत्या. त्यांची बाळं अडीच किलोची कुठून होणार? मला दिसत होतं. तरी लिहायची अडीच, संशय नको म्हणून अधूनमधून पावणेतीन.

तांड्यावरच्या बिजलीबाईंकडे आता तू जातेस. दोन वर्षांपूर्वी त्यांची सून पुष्पा ऐन वेचणीत बाळंत झाली. मुलगी हातात घेतली तेव्हाच कळलं, दोन किलोही भरणार नाही. बिजलीबाई म्हणाल्या, "सिस्टर, पोरगी लय बारीक दिसून राह्यली. यवतमाळले न्या लागते का?" डोंगरसिंगनं, पुष्पाच्या नवऱ्यानं, जीपही सांगून ठेवली होती. मी म्हटलं, कशाला, अडीच किलो आहे, छान आहे. इतक्या लहान बाळाला आंघोळ घालू नये, आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यावं, ओढता येत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्यानं पाजावं, हे सगळं मला पाठ होतं. पण अडीच किलोच्या बाळासाठी एवढं सांगावं लागत नाही, म्हणून सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला तेल लावून न्हाऊ घातलं. सहाव्या दिवशी ती गार पडून गेली. मी भेटायला गेले तर बिजलीबाईंनी माझाच हात धरला. "तुमी तं वजन चांगलंच सांगतलं होतं, बाई. आमच्याच नशिबात नव्हती." मी तिथे चहा पिऊन परत आले.

माफी मागायला हे लिहीत नाही. तू एकेक लेकरू खरंखुरं तोललंस, म्हणून त्या एकोणिसांतली अठरा आज जिवंत आहेत, आणि सोमवारी चौकशीला उभी राहणार तू. आज सकाळी हे सगळं अर्जात लिहून मी सदाशिवरावांकडे दिलं आणि प्रतीवर पोच घेतली. नाहीतर संध्याकाळपर्यंत मी कच खाल्ली असती. प्रत या पाकिटात आहे, ती चौकशीत दाखव. नोकरी गेली तर गेली. उद्या पहिल्या एसटीनं येईन, पाकीट तुझ्या दाराखालून सरकवीन आणि तशीच तांड्यावर जाईन. तुला तोंड दाखवायची हिंमत नाही, आणि तिथे तू सोबत असायलाही नको. बिजलीबाई अजून नशिबालाच दोष देतात. त्यांना आणि पुष्पाला सांगायचं आहे की मुलगी दोन किलोचीही नव्हती, आणि मला ते माहीत होतं.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
मैत्रेयी