ना हरकत

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज परत तेच. सकाळच्या मीटिंगमध्ये ताईंनी माझ्या दोन पॉलिसी सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या — "आमच्या घरच्या सुनेने आणल्या!" टाळ्या. नऊ वर्षं दारोदार फिरून विमा विकतेय, पण या ऑफिसात मी एजंट नाहीच. सून! नणंदच मॅनेजर असल्यावर माणसाचं काय होतं, यावर कुणी विमा काढत असेल तर पहिला हप्ता मी भरते.

पाय दुखतायत. पुरे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

रस्त्यापलीकडच्या कंपनीतल्या माणसाचा पुन्हा फोन. आमच्याकडे त्याला सगळे साखऱ्या म्हणतात, इतकं गोड बोलतो. दुसऱ्यांचे एजंट फोडणं हेच त्याचं काम आणि ते तो लपवतही नाही. म्हणाला, आमच्याकडे या, वर्षभरात तुम्हाला मॅनेजर करतो, तुमची स्वतःची टीम. मी म्हटलं, विचार करते.

विचार कसला करायचाय? इथे वर जायचं तर आपल्याच मॅनेजरची शिफारस लागते. मी वर गेले की माझं सगळं काम ताईंच्या खात्यातून जाणार. मग त्या कशाला शिफारस करतील? आपल्या पायावर कोण धोंडा पाडून घेतं!

मला माझी माणसं हवीत. कुणाची कोण म्हणून नाही, माझी म्हणून. पंचेचाळिशी आली आता.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सांगितलं एकदाचं! ताईंना म्हटलं, मी पलीकडे जायचं म्हणतेय, ना हरकत पत्र द्या. जुन्या मॅनेजरच्या सहीचं ते पत्र असल्याशिवाय नवी कंपनी दारात उभं करत नाही. आणि एकदा गेलं की आमची कंपनी तीन वर्षं परत घेत नाही. म्हणजे उडी मारायची ती पुरतं बघूनच.

ताई मोबाइलवरून नजर न काढता म्हणाल्या, "बघू." त्यांच्या या "बघू"चा अर्थ मला पाठ आहे.

घरी ह्यांना सांगितलं. एकीकडे बहीण, एकीकडे बायको — धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! म्हणाले, तुम्ही दोघी शहाण्या आहात. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पत्र नाही. ताई माझ्याशी फार गोड वागतायत. त्याचीच जास्त भीती वाटते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज पार्लरवालीवरून जुंपली.

मी तिच्याकडे केस कापायला जायची. तिथे खुर्चीत बसल्या बसल्याच तिला या धंद्यात ओढली. परीक्षेचा अभ्यास करून घेतला. पहिल्या गिऱ्हाइकाकडे ती ततपप करायला लागली तेव्हा टेबलाखालून तिचा पाय दाबत मीच बोलत राहिले. मग तिने शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आणल्या, त्यांनाही मीच शिकवलं. पण एजंटच्या हाताखाली एजंट लावता येत नाही, म्हणून कागदोपत्री तिघीही ताईंच्या. आता मी म्हटलं, जाताना या तिघींना नेणार. ताई म्हणाल्या, माझ्या एजंटना हात लावायचा नाही.

प्रकरण शाखाप्रमुखांकडे. ते बिचारे रिटायर व्हायला आलेले, त्यांना कुणाशीच वाईटपणा नको. त्यांनी सरळ पार्लरवालीला बोलावून विचारलं, "तुम्हाला इथे आणलं कोणी?"

ती ताईंकडे बघत म्हणाली, "ताईंनी."

मी भिंतीकडे बघत बसले. निकाल लागला — जायचं तर एकटीने जा.

रागवायचं तरी कुणावर? तिला रोज त्याच ऑफिसात यायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरतं! पण लागलं मला. फार लागलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

बातमी बाजारात पोचली. चष्म्याच्या दुकानवाल्याकडे हप्त्याची आठवण करायला गेले तर म्हणतो, तुम्ही चाललात म्हणे, मग आमचं काय? आज तिसऱ्यांदा हेच उत्तर दिलं — पॉलिसी कंपनीची असते, माझी नसते, तुम्ही निश्चिंत राहा. घसा बसला.

साखऱ्याला फोन केला. म्हटलं, पत्र मिळत नाही, माणसंही मिळत नाहीत, सोडून देते. त्याचा आवाज जराही हलला नाही. "मॅडम, घाई करू नका. पत्र येईल." याला कसली एवढी खात्री! तुमच्याकडे माझे मॅनेजर कोण असतील, तेही विचारलं. म्हणाला, नवीन येतायत, फार अनुभवी आहेत, तुमचं छान जमेल.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सासूबाई आज बोलल्या. म्हणजे आठवडाभराने. तिने तुला हाताला धरून धंद्याला लावलं, आणि तू तिलाच सोडून निघालीस?

लावलं हे खरंच आहे. ह्यांची नोकरी गेली होती, घरात नुसती शांतता. ताई एक दिवस आल्या, म्हणाल्या, ऊठ, पर्स घे. पहिलं घर, पहिली बेल, सगळं त्यांनीच दाखवलं. मी दारातूनच मागे फिरत होते. ते कसं नाकारू?

पुरे झालं. सोमवारी सांगते, राहते मी.

सोमवार, २५ नोव्हेंबर

मी सांगायच्या आतच ताई घरी आल्या! चहा घेतला, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली आणि पर्समधून पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. सहीसकट.

"जा तू. अडवून मला काय मिळणार?"

मी पत्र उचलून सही पुन्हा पाहिली.

"आणि एकटी जाऊ नकोस. तुझ्या त्या तिघींना घेऊन जा. तूच तर आणल्यास त्यांना. शाखाप्रमुखांशी मी बोललेय, त्यांचीही पत्रं तयार आहेत."

मला रडू आवरेना. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. नऊ वर्षं या बाईला मनातल्या मनात काय काय नावं ठेवली मी! माझी मलाच लाज वाटली. ह्यांनी चक्क टीव्ही बंद केला.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

राजीनामा दिला. चौघींनीही दिला. शाखाप्रमुख म्हणाले, सुखी राहा. जणू सासरी धाडतायत!

दुपारी पलीकडे जाऊन सह्या करून आलो. पार्लरवाली जिन्यात थांबून म्हणाली, त्या दिवशी खोटं बोलले, माफ करा. म्हटलं, सोड ते. खरंच सोडलं. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

सोमवार, २ डिसेंबर

पहिला दिवस. साखऱ्या म्हणाला, चला, तुमच्या मॅनेजरची ओळख करून देतो. केबिनचं दार उघडलं.

खुर्चीत ताई.

साखऱ्यानेच सांगून टाकलं: शनिवारी त्यांनीही तिकडचा राजीनामा दिला. इथे त्यांना मॅनेजर म्हणून घेताना अट एकच होती — येताना चार एजंट आणायचे. त्यांची बोलणी पक्की होईपर्यंत माझं पत्र अडलं होतं, एवढंच.

मी दारातच उभी. मागे तिघी.

"ये, बस," ताई म्हणाल्या. "अगं, तुला सोडून मी कुठे जाणार होते?"