डाव्या हाताचं सहावं बोट

३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या मागण्यांना कंटाळला असशील, पण अजून एक आहे. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून, त्या काळ्या स्क्रीनवर ब्रेल टाईप करायची सोय तू करून दिलीस, ती छान चालते. अक्षराचे तीन ठिपके डाव्या हाताच्या तीन बटणांवर, तीन उजव्या हाताच्या. फक्त ती उजवीकडची तीन बटणं डावीकडे, वरच्या ओळीत आणता येतील का? हल्ली ती अडकतात. फोनवर सांगू नकोस, मला कागद समोर लागतो.

अंधशाळेसाठी नववीच्या विज्ञानाचं पुस्तक ब्रेलमध्ये उतरवतेय, ते अर्धं राहिलंय. मुलं खोळंबलीत, ब्रेल ग्रंथालयाच्या बाई रोज विचारतात, आणि मी आपली या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतेय. एका जागी बसवत नाही बघ.

आशीर्वाद आधी तुझ्या बायकोला, उरले तर तुला.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी सांग, ते तू लिहिलंस की कोंबडीने? लहानपणी अक्षरावरून माझे कान पिळणारी तू!

बटणं हलवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. कुठलं बटण दाबल्यावर काय उमटायचं याची एक फाइल असते, तिच्यात तीन ओळी बदलल्या की झालं. पण अगं, एका अक्षराचे सगळे ठिपके एकदम दाबावे लागतात. सहाही ठिपके आले तर डाव्या हाताला सहावं बोट कुठून आणणार आहेस?

हे हसत हसत लिहिलं आणि मग तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं. ताई, उजव्या हाताला काय झालंय? आडपडदा न ठेवता लिही.

उत्तराची वाट बघतोय, नेहमीसारखी वाट लावू नकोस.
बारक्या

१४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. गेल्या महिन्यात सकाळी हातातून कप पडला. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा सौम्य झटका होता. बोटं पुन्हा चालतील, नाहीतर नाहीही. पाय, जीभ सगळं शाबूत आहे. जीभ तर तुला माहीतच आहे.

तुला कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात हजर झाला असतास. मग तुमच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, मी दिवसभर मटार सोलत बसले असते, तेही एका हाताने. तुम्ही दोघं प्रेमाने ठेवाल, त्यात शंका नाही. पण मला भीती वाटते रे. हे काम गेलं तर मी कोण? माया असेल तर टेम्पो नको, बटणं पाठव.

रागाव, पण लवकर रागावून मोकळा हो.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो, रडलो, आणि टेम्पोवाल्याला ॲडव्हान्सही देऊन आलो. खोटं कशाला बोलू?

मग राहवेना म्हणून शोधत बसलो. ताई, एका हाताने टाईप करणाऱ्यांची सोय लिनक्समध्ये आधीपासून आहे! अक्षर दोन वेळा दाबून पुरं करायचं: आधी डावीकडचे ठिपके, मग वरच्या ओळीत आणलेले उजवीकडचे. सहावं बोट लागतच नाही. सोबतच्या पेनड्राइव्हवर नवी फाइल आहे. मशीनला लाव, कागदावरच्या दोन ओळी टाईप कर, काम झालं. एकच लक्षात ठेव. क, ब, ल यांना उजवीकडे ठिपकाच नाही. तिथे अंगठ्याने 'रिकामं'चं लांब बटण दाबायचंच, नाहीतर मशीन उजवीकडच्या ठिपक्यांची वाट बघत बसतं आणि पुढच्या अक्षराचे ठिपके यातच मिसळतं.

उजवा हात टॉवेलने खुर्चीला बांधून मी सराव केला. बायकोने विचारलं, बरं वाटतंय ना? वाक्य एकच घेतलं होतं, 'ताई आमच्याकडे ये.' शेकडो वेळा चुकलं. अखेर बिनचूक आलं, आणि मी डोक्याला हात लावला. एका हाताने हे जमतं हे मीच सिद्ध केलं, आता तुला 'ये' कुठल्या तोंडाने म्हणू?

तरी टेम्पो रद्द केलेला नाही, पुढे ढकललाय. व्यायाम चुकवलास तर बघ.
बारक्या

१२ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पहिला आठवडा नरक होता. पक्ष्यांच्या धड्यात ते 'रिकामं' विसरले, तर क आणि ब एकमेकांत मिसळून ल झाला. पानभर कबुतरांची 'लुतरं' झाली! ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या, असा पक्षी त्यांनी ऐकलेला नाही. त्या हसल्या, मी घरी येऊन उशी भिरकावली. टेम्पो पाठव असं तुला लिहिलंही होतं. पाकीट दोन दिवस दाराशी पडून होतं, मग फाडलं.

आता जमतंय. निम्म्या वेगाने, पण जमतंय. बाईंनी शाळेला कळवलंय की धडे एकेक करून येतील, आणि पुस्तक माझ्याचकडे राहील. काल उरलेल्यांतला पहिला धडा गेला. व्यायाम करते, करंगळी किंचित हलते, किंवा मला तसं वाटतं.

आणि हो, माझी पहिली बिनचूक ओळ कुठली, सांगू? तुझ्याच वाक्याला उत्तर होतं: 'नाही येणार. तूच ये.' तेव्हा टेम्पो रद्द कर आणि बसने ये. मटार आणून ठेवलेत, तू सोल.

वाट बघणारी,
ताई