जागा सोडल्याची शिक्षा

मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९. सकाळी १०:४०

वेळ मुद्दाम लिहिते. याच मिनिटाला ओडेट, माझी भाची, बर्फाचे बूट न काढताच स्वयंपाकघरात आली आणि पत्र टेबलावर टाकलं. बेकारी भत्ता बंद! कारण — जुलैत तिने 'स्वखुशीने काम सोडले'.

स्वखुशीने! खेकड्याच्या कारखान्यात हंगामाच्या शेवटच्या दिवसांत ज्या बाईचे भत्ता मिळण्यापुरते कामाचे तास भरलेत ती घरी जाते, ज्या बाईचे कमी पडतात तिला जागा देते. आमच्या किनाऱ्यावर हे असंच चालतं. तिथलीच आल्डीन जूनभर ऑपरेशनमुळे खाटेवर होती. ओडेटने तिला आठ दिवस दिले. त्याची ही शिक्षा.

कारखाना उघडणार एप्रिलअखेर. घरात दोन मुली.

'थांबवण्यात आला आहे' म्हणे. कोणी थांबवला? सही वाचता येत नाही. आमच्या शाळेतल्या सिस्टर क्लेमांसने असल्या सहीबद्दल हातावर पट्टी मारली असती.

बुधवार, १३

भत्त्याच्या कार्यालयाला फोन लावला, पन्नास मिनिटं वाजंत्री ऐकली. मग एक कोवळा आवाज.

"काम होतं मॅडम, त्या आल्या नाहीत."

"दुसरीला जागा दिली."

"फॉर्मवर तसा रकाना नाही."

"मग काढा एक!"

"सध्या दुसरं काम का शोधत नाहीत?"

"समुद्र गोठलाय, बाळा. खेकडे काय बर्फावर उगवतात?"

त्याने मला 'दिवस आनंदात जावो' म्हटलं. मेल्या!

शुक्रवार, १५

शेजारचा ल्युडजे कॉफी प्यायला आला. टपाल खात्याचं पेन्शन खातो, म्हणून मतं फार.

"तीन महिने राबायचं, नऊ महिने आमच्या जिवावर लोळायचं. बरं आहे!"

"तुझ्या लग्नातला खेकडा कोणी सोलला होता रे? पोस्टमास्तरने?"

"चिडू नकोस गं. भत्ता नोकरी गेलेल्याला. हिची नोकरी गेलीच कुठे? दर वर्षी परत मिळते."

"आणि दर वर्षी जाते!"

तो गेला, पण बोलणं टोचत राहिलं. भत्त्याच्या निधीसाठी पगार कापतात तेव्हा ओडेट कामगार असते. देण्याची वेळ आली की आळशी होते. तसाही तिचा भत्ता मार्चअखेर संपणारच होता — त्यापुढचा महिना आम्ही दर वर्षी दात-ओठ खाऊन काढतो. किती आठवडे द्यायचे हे कोणी ठरवलं? खिडकीतून गोठलेली खाडी दिसणाऱ्या कोणी तरी नक्कीच नाही. बर्फ फुटेपर्यंत द्या. इतकं साधं आहे.

रविवार, १७

प्रार्थनेनंतर आल्डीनने नजर चुकवली. मी पायऱ्यांवर गाठलीच.

"लिहून दे की ओडेटने तुला जागा दिली."

"लिहिलं तर माझाही बंद करतील. पोटाचे टाके अजून ओढतात गं मला." रडायला लागली.

मी म्हटलं, "देवाच्या दारात तरी लाज बाळग!" सगळ्यांनी ऐकलं.

आता वाटतं, बोलायला नको होतं. पण बोलले.

सोमवार, १८

ओडेट सूटकेस मागायला आली. पश्चिमेला तेलविहिरींवरच्या कामगारांच्या छावणीत भांडी घासायचं काम आहे, परवा गाडी.

"मावशी, मुलींना ठेवून घेशील ना? टाकून नाही गं जात मी त्यांना. फक्त वसंतापर्यंत."

"तिकडे गेलेलं कोण परत आलंय?"

"मग काय करू? तूच सांग."

धाकटी जमिनीवर बसून सूटकेसची चेन उघड-बंद करत होती.  

मंगळवार, १९. पहाटे

या पानापासूनही लपवलं, ते लिहिते. ओडेटला जागा सोडायची नव्हती. "अजून आठ दिवस करते ना, मावशी," म्हणाली होती. मीच दरडावलं — आपल्यात असं करत नाहीत. आणि ही रीत तरी कोणाची? बावीस वर्षं मी त्या कारखान्याची मुकादम होते. कोणी कधी घरी जायचं, ती यादी माझ्या हातची. मीही जागा सोडली, भत्ता घेतला.

आज हेच सगळं माझ्या नावानिशी त्या कार्यालयाला पाठवते आहे. आल्डीनचं नाव त्यात नाही. माझी बावीस वर्षं तपासा, हवं ते परत मागा, पण ओडेटचा भत्ता सुरू करा. उत्तर लेखी हवं, वाचता येईल अशा सहीचं — गुरुवार, २८ फेब्रुवारी, दुपारी चारच्या आत.