आठ फूट तीन इंच

प्रिय दादा,

तू, मी आणि या गल्लीत रस्त्याला लागून असलेल्या खोल्यांत वाढलेली आपल्या वयाची सगळी माणसं, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. दारासमोरचा रस्ता आपल्याला कधी आपला म्हणून वापरताच आला नाही. चाळीस वर्षं उंबरा ओलांडला की समोर कुणाच्या तरी गाडीचं दार. ती गाडी कुणाची, तो माणूस कुठं गेलाय, कधी येणार, काही पत्ता नसायचा. आई भाजी निवडायला पायरीवर बसली की तिच्या गुडघ्यांना बंपर लागायचा आणि ती गाडीला म्हणायची, "सरक गं बाई जरा." गाडी सरकायची नाही. आईच सरकायची.

सुरुवात इथून करते, कारण एवढ्या एका बाबतीत तुझं-माझं कधी दुमत नव्हतं. आणि सव्वीस फुटांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. समोर आले की मी बोलत सुटते म्हणून. बाबा मला 'भोंगा' म्हणायचे ते उगाच नाही. लिहिताना निदान हात दुखतो आणि मधेमधे थांबावं लागतं.

साथ आली आणि माझ्या खानावळीला कुलूप लागलं, तेव्हा तूच रोज सकाळी समोरून ओरडून विचारायचास, "काय गं, आज कुणावर भाषण?" ऐकायला कुणी नव्हतंच. तू मशीनवर बसून अख्ख्या गल्लीला मास्क शिवून वाटत होतास आणि मी रिकाम्या टेबलांवर पुस्तकं पसरून बसले होते. शहरं कशी वाढली, रस्ते कुणी कुणासाठी केले, असलं सगळं वाचून काढलं. बंदी उठली तेव्हा आत सहाऐवजी दोनच टेबलं लावायची परवानगी मिळाली. दोन टेबलांवर खानावळ चालत नाही, नुसती चूल पेटती राहते. मग मी वॉर्ड ऑफिसात जाऊन उभी राहिले. साहेबांना म्हटलं, एका उभ्या गाडीच्या जागेत चार माणसं एकमेकांपासून लांब बसून जेवू शकतात, आणि गाडी काही जेवत नाही. गाडीला रस्त्यात दिवसभर पडून राहायला तुम्ही कधी कारण विचारलंत? मग माणसाला बसायला अर्ज का लागतो? साहेब म्हणाले, "बाई, अर्ज तर करा." केला. अकरा दुकानदारांच्या सह्या घेतल्या, पहिली तुझी.

परवानगीतली अट तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. गल्ली सव्वीस फुटांची. दोन्ही बाजूंना भिंतीपासून आठ आठ फूट टेबलांना, तिथं पांढरी रेष, आणि मधले दहा फूट रुग्णवाहिकेला आणि बंबाला मोकळे. सही करताना तू एवढंच म्हणालास, "त्या दहात एक बोटसुद्धा कमी नको." कारण विचारायची मला गरज नव्हती. बाबांना छातीत कळ आली त्या दुपारी रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडकली होती, दोन्हीकडे गाड्या. खुर्चीवर बसवून आपण त्यांना नेलं. तू मागून, मी पुढून, आडवं होत, आरशांवर कोपरं आपटत. आणि ते धापा टाकत म्हणाले, "लेका, माप चुकलं. मी काही या गल्लीत बसत नाही." आपण हसलो होतो, आठवतं? दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

म्हणून ज्या दिवशी गाड्या हटल्या आणि मी पहिलं टेबल रस्त्यावर ठेवलं, त्या दिवशी मला खानावळ उघडल्याचा जितका आनंद झाला, त्याहून जास्त तो मोकळा पट्टा बघून झाला. दादा, तीन महिने आपली गल्ली काय होती सांग. मास्तर, ज्यांनी बायको गेल्यापासून कुणाशी चार वाक्यं बोलली नव्हती, ते सहा फुटांवरच्या टेबलावरल्या बसड्रायव्हरशी रोज भांडायला लागले, मास्क खाली ओढला की दोघंही एकमेकांना दटावायचे. बेकरीवाल्यानं खिडकीतून पाव द्यायला लांब दांड्याचं फावडं काढलं. गल्लीत हॉर्नऐवजी चमच्यांचा आवाज यायचा. तुझ्या बाजूलाही चार टेबलं होती आणि तू कुरकुरायचास, "माझ्या गिऱ्हाइकाची पँट आणि तुझ्या गिऱ्हाइकाचं सूप, यांत जरा अंतर ठेव." पण दुपारी वहिनी तिथंच खुर्ची टाकून काजं-बटणं करायची, आणि तिच्या गुडघ्याला काही लागायचं नाही.

ज्याला कुणाला हे सगळं चैन वाटतं, त्यानं माझ्याशी वाद घालायला यावं. मोकळ्या हवेत, एकमेकांपासून लांब बसून, आजारी न पडता जेवणं ही चैन नव्हे. ती रस्त्याची साधी कामगिरी आहे आणि रस्त्यानं ती चाळीस वर्षं केली नव्हती. हे मी मानते आणि मानत राहीन. पुढं जे लिहिते आहे त्यानं यातलं एक अक्षर खोटं होत नाही, म्हणून आधी लिहिलं.

आता गेल्या आठवड्याकडे येते. मंगळवारी ऐन जेवणाच्या वेळी तू माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आलास, गळ्यात फीत. म्हणालास, "अगं, ती रेष..." मी म्हटलं, "दादा, आत्ता नको, ताटं वाढायचीत." तू म्हणालास, "एक मिनिट ऐक." मी म्हटलं, "तुझ्या दारातली टेबलं तुला खुपतात, ठाऊक आहे मला. संध्याकाळी बोलू." संध्याकाळी तू पुन्हा आलास, तेव्हा मी वॉर्डातल्या बायकांसमोर बोलत होते. तू दोन मिनिटं उभा राहिलास आणि गेलास. लोकांना बोलतं करायचं म्हणून आयुष्यभर घसा फोडणारी मी, घरातल्या एका माणसाला वाक्य पुरं करू दिलं नाही.

गुरुवारी रस्ते खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. मधला पट्टा पोलादी टेपनं मोजला. साडेनऊ फूट. सहा इंच कमी. त्यांनी तिथल्या तिथं परवानगी थांबवली आणि टेबलं आत घ्यायला लावली. मी म्हटलं, अशक्य. दोन्ही रेषा मी स्वतः गुडघ्यावर बसून मोजल्यात, स्वतः रंगवल्यात. रेष कुणीतरी सरकवली असणार. तेवढ्यात बेकरीवाला म्हणाला, "परवा तुमचा दादा त्या रेषेपाशी बसला होता खरा." बस्स. मला तेवढं पुरलं. दारातली टेबलं उठावीत म्हणून तूच रेष सरकवलीस, असं मी धरून चालले. त्यानं जे पाहिलं ते खरं होतं. त्याच्यावर मी जे रचलं ते माझं.

शुक्रवारी पाच वाजता, बेकरीवाल्याच्या उलट्या क्रेटवर उभं राहून मी काय बोलले, ते तू आतून ऐकलंस. "ज्या हातानं माप घ्यायचं, त्याच हातानं माप बदललं." तुझं नाव घेतलं नाही, म्हणजे फार सभ्य वागले असं मला तेव्हा वाटलं. गल्लीत शिंपी एकच आहे. टाळ्या पडल्या. खरं सांगते, वाक्य चांगलं झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. वर मी वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार दिली, समोरच्या दुकानदारानं रेष सरकवली म्हणून. त्यानंतर बँकेतल्या बाईंनी तुझ्याकडे शिवायला दिलेलं, अजून न कापलेलं कापड परत नेलं. कुणी तरी तुला जाताजाता विचारलं म्हणे, "माप नीट घ्याल ना?" शिंप्याला याहून वाईट शिवी नाही, हे शिंप्याच्या मुलीला कळायला हवं होतं. तू शटर अर्ध्यावर आणलंस आणि आत मशीन चालू ठेवलंस.

काल मी सुताराकडून पोलादी टेप मागून आणली. तुझ्या बाजूची रेष किती सरकली आहे ते परवा, शुक्रवारी, परवानगीबद्दल होणाऱ्या सुनावणीत इंचात सांगायचं होतं. भिंतीपासून मोजली, आठ फूट तीन इंच. म्हटलं, सापडलं. मग सहज माझ्या बाजूची मोजली. आठ फूट तीन इंच. माझ्या रेषेवर पहिल्या दिवसापासून माझ्याच कुंड्या आहेत दादा, रंग पुरता सुकायच्या आधी ठेवलेल्या. बुडांना अजून पांढरा रंग आहे. ती रेष कुणी सरकवू शकत नाही. मग मी ज्या फितीनं मोजलं होतं ती आणली आणि पोलादी टेपशेजारी जमिनीवर पसरली. आपली फीत साठ इंच म्हणत होती. पोलाद बासष्ट म्हणत होतं. मी तिथंच फुटपाथवर बसले. मास्तरांनी लांबून विचारलं, "बरं आहे ना?" मी नुसती फीत वर धरून दाखवली.

ती बाबांची शेवटची फीत होती. दरवर्षी कामाच्या पहिल्या दिवशी बाबा नवी फीत आणायचे आणि जुनी मोठ्या कात्रीनं मधोमध कापून टाकायचे. त्या तुकड्यांच्या रिबिनी बांधून मी शाळेत जायचे, एका वेणीवर एक ते तीस, दुसरीवर एकतीस ते साठ. पण का कापायचे, हे मी कधी विचारलं नाही. तू मशीनशी बसायचास म्हणून तुला ठाऊक होतं. कापडी फीत ओढून ओढून वाढते, आणि वाढलेली फीत कुणाच्या हाती लागू नये म्हणून ती कापायची. बाबा गेले ते वर्ष सरायच्या आधी. ती फीत तशीच मशीनमागच्या खिळ्याला राहिली आणि तुझ्यानं तिच्यावर कात्री चालवली गेली नाही. रेषा आखायच्या दिवशी तू मास्क पोचवायला गेला होतास. मी खिळ्यावरून फीत उचलली. वहिनी म्हणाली, "यांना विचारून घ्या." मी म्हटलं, "बाबांची फीत, यात विचारायचं काय?" मला वाटलं, जगात दुसरी फीत चुकेल, ही नाही. भिंतीला लावताना डोळे भरून आले होते माझे, आकडे पुसट दिसत होते.

तू मंगळवारी त्या रेषेपाशी बसून मोजलंस, चूक ओळखलीस आणि आधी माझ्याकडे आलास. नगरपालिकेकडे गेला नाहीस, गल्लीत बोलला नाहीस. निरीक्षक बाईंना आज मी विचारलं, तक्रार कुणाची होती? त्या म्हणाल्या, "कुणाची नाही हो. दर तीन महिन्यांनी आम्ही सगळ्याच गल्ल्या मोजतो."

आज सकाळी मी ती लेखी तक्रार मागे घेतली आणि दुसरा जबाब स्वतःच्या हातानं लिहून दिला. दोन्ही रेषा माझ्या, चूक माझी, फीत वाढलेली होती, कुणीही काही सरकवलं नाही. निरीक्षक बाईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "रेष दुसऱ्यानं सरकवली असती तर परवानगी आपोआप पुन्हा चालू झाली असती. आता चूक परवानाधारकाची ठरते. शुक्रवारी कदाचित रद्द होईल." मी म्हटलं, होऊ दे. मी पुन्हा अर्ज करीन, आणि पुढच्या वेळी पोलादानं मोजीन. आणि त्या सहा इंचांसाठी तुम्ही टेबलं उचललीत हे योग्यच केलंत, असंही म्हटलं. आपण बाबांना खुर्चीवरून नेलं तेव्हा सहा इंच मिळाले असते तर आरशांवर कोपरं आपटली नसती. ज्या रस्त्यासाठी मी भांडते, त्याचा मधला पट्टा मीच खाल्ला होता. तो आधी पुरा परत करायचा, मग भांडायचं. भांडण मी सोडलेलं नाही. रंगाचा डबा आणून ठेवलाय.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझी माफी मी यात मागत नाही, कारण बंद पाकिटातली माफी मला स्वस्त पडेल. उघड्या रस्त्यात, पन्नास माणसांसमोर तुझं नाव घालवलं, तर ते परत तिथंच द्यायला हवं. उद्या गुरुवारी पाच वाजता मी त्याच माणसांना गल्लीत बोलावलंय, बेकरीवाल्याला आणि बँकेतल्या बाईंना घरी जाऊन सांगून आले. जे घडलं ते सगळं मी सांगणार आहे, तुझं नाव घेऊन. आलेल्यांनी त्या वेळी माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघायला हवं, आणि अर्ध्या शटरखालून माणसाचे नुसते पाय दिसतात. मला क्षमा करायची की नाही ते तुझं तू ठरव, माझ्याशी एक शब्द बोलू नकोस हवं तर. पण उद्या पाच वाजता शटर पूर्ण वर कर आणि दारात येऊन उभा राहा.

तुझीच,
धाकटी